खोताची वाडी: गिरगावातली एक रविवार सकाळ

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला चर्नी रोडला उतरलो. स्लो लोकलच पकडा, फास्ट इथे थांबत नाही. गाडी आणूच नका, लावायला जागा मिळणार नाही. पूर्वेला बाहेर पडून सेंट तेरेसा चर्च विचारत निघालात की दहा-पंधरा मिनिटांत खोताच्या वाडीच्या, म्हणजे जुन्या कौलारू घरांच्या या वस्तीच्या, तोंडाशी येता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथले जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. त्यावरून हे नाव. पुढे गुजराती आले, इतर मराठी घरं आली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळ ख्रिस्ती. 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नाव 1887 सालचं, पण घरातली बोली मराठी. हे ठाऊक असूनही एका व्हरांड्यातल्या आजींनी "कुणाकडे आलात?" असं विचारल्यावर मी क्षणभर गोंधळलो. म्हटलं, वाडी बघायला आलोय.

"बघा की. पण खिडकीत डोकावू नका हो, पोरं झोपलीत."

त्यांच्या ओट्यालगत बाहेरूनच वर जाणारा लाकडी जिना होता. मधल्या पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या, कठड्याला कागदी चांदणी बांधलेली. ईस्ट इंडियन घरांतल्या बाटली मसाल्याचा विषय काढला तर आजी खुलल्या. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, कुटायच्या आणि बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायच्या, म्हणजे वर्षभर रंग टिकतो.

एकेकाळी इथे 65च्या आसपास घरं होती, आज निम्मीही उरलेली नाहीत. कौलांच्या मागे टॉवर उभे दिसतात तेव्हा पोटात तुटतं. म्हणून लवकर जा. फोटो विचारूनच काढा, मोठा घोळका नेऊ नका. नाताळच्या आधीचे दोन आठवडे सगळ्यात सुंदर.

वाडी तासाभरात होते, पण तेवढ्यावर परतू नका. तसंच चालत केशवजी नाईक चाळीत जा. 1893 साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथे बसला. खोताच्या वाडीत ओटा, इथे लांब सामाईक गॅलरी. गप्पा मात्र दोन्हीकडे दारातच चालतात. मी पोचलो तेव्हा गॅलरीत एक आजोबा पेपर वाचत बसले होते. मान वर करून त्यांनीही तेच विचारलं, "कुणाकडे?"