साठची कॅसेट

कॅसेट 'भरून घ्यायची' असं आम्ही म्हणायचो, गिरणीतून पीठ आणल्यासारखं. सांगलीत दुकानदाराकडे कोरी साठची, म्हणजे साठ मिनिटांची, कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, चार दिवसांनी आणायला जायचं. दहावीच्या सुट्टीत माझ्या चिठ्ठीवर एकच ओळ होती : पिंक फ्लॉइड, 'द डार्क साइड ऑफ द मून', पूर्ण. 'पूर्ण'खाली दोन रेघा. इंग्लंडच्या त्या रॉक बँडचा हा अल्बम. काळ, पैसा, मरण, वेड असं एकातून एक निघत जातं, मधलं काही गाळलंस तर मजा गेली, असं चुलतभावानं बजावलं होतं.

दुकानदारानं गाळलं काहीच नाही, उलट वाढवलं. अल्बम जेमतेम ४३ मिनिटांचा. एवढी टेप रिकामी कशाला सोडायची म्हणून भल्या माणसानं दोन्ही बाजूंच्या शेवटी भावगीतं घालून दिली. वर म्हणाला, त्याचे पैसे नाहीत घेतले.

पहिली बाजू संपत आली की एक बाई नुसता टाहो फोडते. शब्द एक नाही. पहिल्यांदा ते लागलं तेव्हा आजी पडवीत शेंगा फोडत बसली होती. हातातलं टाकून आत आली.

"कोण गेलं रं?"

मी हसलो. मग कितीतरी वर्षांनी वाचलं, की बँडमधल्या कीबोर्डवाल्या रिक राइटनं रचलेला तो तुकडा मरणावरचाच आहे. क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं, शब्द न देताच गायला लावलं आणि ३० पौंड हातावर ठेवले. आपलं गाणं घेतलं आहे हे तिला कळलं ते दुकानातल्या रेकॉर्डवर स्वतःचं नाव वाचून. रचनेतला वाटा मिळवायला तिला कोर्टात जावं लागलं. तडजोड झाली २००५ मध्ये. आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी तिनं बरोबर ओळखलं. तेवढ्यात टाहो थांबून पेटी वाजायला लागली. "हां, आता बरं वाटलं," म्हणून आजी शेंगांकडे परत गेली.

दुसरी बाजू नाण्यांच्या खणखणाटानं सुरू होते. मिरजेचे मामा तबला वाजवायचे. त्यांचं घर सतारमेकर गल्लीजवळ. तंबोऱ्याच्या जवारीवरून, म्हणजे तारांच्या झंकारावरून, दोन दिवस वाद घालणारी ती माणसं, त्यांना गिटारचं काय कौतुक! मामांनी जरा वेळ मांडीवर बोटं आपटली आणि म्हणाले, "अरे, सात मात्रा की! आपला रूपकच." रूपकची पहिली मात्रा 'खाली', म्हणजे टाळी नसलेली, असते, तेवढी काही त्यांना सापडेना. पण मोजणी चोख होती. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची घंटी असे सात आवाज टेपवर घेऊन, फूटपट्टीनं सारख्या लांबीचे तुकडे कापून चिकटवले होते. पुढे गिटारसाठी ताल सरळ चारावर येतो, तेव्हा मामा म्हणाले, "दमले वाटतं."

मार्च १९७३ मध्ये आलेला हा अल्बम अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर राहिला एकच आठवडा. पण १९८८ पर्यंत त्या यादीत तो ७४१ आठवडे होता. आमच्या घरी मात्र तो टेप रेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली तेव्हा संपला. पेन्सिलनं गुंडाळून पाहिली, उपयोग झाला नाही.

आता फोनवर आहे सगळं, स्वच्छ. सुरुवातीला जी छातीची धडधड ऐकू येते तीच शेवटी परत येते, हळूहळू विरत जाते. परवा रात्री ती विरली आणि मी तसाच बसून राहिलो. बायको दिवा मालवायला उठली.

"संपलं ना?"

"थांब, पेटी यायचीय अजून."