चालणारे दगड आणि चालवलेली मुंगी

परवा रात्री झोप लागेना म्हणून रापा नुई (म्हणजे ईस्टर आयलंड) बेटावरच्या मोआईंचे, तिथल्या अवाढव्य दगडी पुतळ्यांचे, फोटो बघत बसले आणि त्यातून कुठून कशी एका मुंगीच्या व्हिडिओवर पोचले कळलंच नाही, पण तेव्हापासून दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्रच फिरतायत.

तिथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की मोआई खाणीपासून स्वतः चालत गेले. ऐकायला दंतकथा वाटते ना? पण २०१२ मध्ये हंट आणि लिपो या संशोधकांनी चार टनांहून जड प्रतिकृती उभी केली आणि तीन दोर लावून फक्त १८ माणसांनी ती डावीउजवीकडे डुलवत खरंच चालवली. तो व्हिडिओ बघाच, अंगावर काटा येतो, कारण दोर दिसत असतात, ओढणारी माणसं दिसत असतात आणि तरीही डोळ्यांना वाटतं की दगडच निघालाय कुठेतरी.

मुंगीचं याच्या उलट. ओफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी कार्पेंटर मुंगीच्या अंगात शिरते, आत वाढत राहते, आणि एक दिवस ती मुंगी आपली वाट सोडून झाडावर चढते, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर पानाच्या खालच्या शिरेला कडकडून चावते आणि तिथेच मरते. जबडा सुटत नाही. मग मानेतून बुरशीचा देठ बाहेर येतो आणि बीजाणू खाली पडतात, जिथून बाकीच्या मुंग्या ये-जा करतात. इथे दोर कुणालाच दिसत नाही. २०१७ मध्ये कळलं की बुरशीच्या पेशी पायांच्या, जबड्याच्या स्नायूंभोवती जाळं विणतात पण मेंदूत शिरतच नाहीत, म्हणजे मेंदू तसाच ठेवून शरीर चालवलं जातं. मला सगळ्यात जास्त हेच छळतंय, तिला काही कळत असेल का त्या वेळी?

आणि हे आजकालचं नाही. जर्मनीत मेसेलला ४.८ कोटी वर्षांपूर्वीचं पान सापडलंय, त्याच्या शिरेवर अगदी असेच चाव्याचे व्रण आहेत. मुंगी नाही, बुरशी नाही, फक्त चावा उरलाय.

मग परत मोआईंकडे आले. आता चेहऱ्यांवरचे ते पांढुरके डाग नीट दिसले. ते दगडफूल आहे, म्हणजे बुरशी आणि शेवाळाची जोडी, आणि ती त्या मऊ ज्वालामुखी दगडात हळूहळू शिरतेय. एका फोटोत डाग बरोबर रिकाम्या डोळ्याच्या खोबणीपर्यंत आलाय, तो मी अजून बंद केलेला नाही.