उद्या क्लबची स्नोमोबाइल डोंगरचढाई: तयारीच्या नोंदी

शुक्रवार, रात्र

उद्याची शर्यत पहिल्या दोनशे मीटरमध्ये ठरत नाही, ती वरच्या तिसऱ्या टप्प्यात ठरते. तरी आज गॅरेजमध्ये सगळी चर्चा हॉर्सपॉवरचीच चालली होती. म्हणून आधी हिशेब लिहून ठेवतो. स्नोमोबाइल म्हणजे पुढे स्की आणि मागे ट्रॅक, म्हणजे फिरणारा रबरी पट्टा, असलेली बर्फावरची गाडी. यंत्र आणि स्वार मिळून ३०० किलो, उतार ४५ अंश. नुसतं वजन वर ओढायला सुमारे २१० किलोची ओढ लागते. ताशी ५४ किलोमीटरने चढायचं म्हटलं तर तेवढ्यासाठी ४० ते ४२ हॉर्सपॉवर पुरतात. ट्रॅकचं घर्षण आणि उडणारा बर्फ यांत आणखी बरीच ताकद जाते हे खरं. पण १६० हॉर्सपॉवरचं यंत्र वर जाऊन थांबतं ते इंजिन कमी पडल्यामुळे नव्हे. ट्रॅक बर्फ धरत नाही किंवा यंत्राचं तोंड वर उचललं जातं, म्हणून ते थांबतं.

उंचीचा फटका मात्र विसरून चालत नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. वायोमिंगमधल्या जॅक्सनच्या स्नो किंग डोंगराचा माथा २,३८० मीटरवर आहे. तिथे १६० चे १२० ते १२५ उरतात. उंचीवर क्लचमध्ये फिरणारी वजनं हलकी करायची ती याचसाठी. ८०० ते ८५० सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनांची कमाल ताकद मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या आसपास मिळते. वजनं जड राहिली तर इंजिन त्याखालीच दबून राहतं, फार हलकी झाली तर फेऱ्या वर जातात आणि ओढ कमी पडते. पायथ्याच्या सपाटीवर आकडा बरोबर दिसला म्हणून समाधान मानू नये. पूर्ण थ्रॉटलवर, चढावर, भार असतानाचा आकडा तेवढा खरा.

पुढच्या क्लचवरून मागच्या क्लचकडे ताकद नेणाऱ्या बेल्टची परीक्षा सोपी आहे. धाव संपली की इंजिन बंद करायचं, क्लच पूर्ण थांबू द्यायचा आणि मग पुढच्या क्लचच्या चकतीला हात लावायचा. हात ठेववत नसेल तर बेल्ट घसरतोय. कारणं बहुधा तीन: क्लचच्या दोन चकत्या एका रेषेत नाहीत, चकत्यांवर काळा थर साचलाय, किंवा गिअरिंग फार उंच आहे. कोरा बेल्ट थेट शर्यतीत घालू नये; आधी पन्नासेक किलोमीटर मऊ हाताने चालवून घ्यावा. जुना पण धड असलेला बेल्ट सुटा म्हणून सोबत ठेवावा.

आता तोंड उचलण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त यंत्रं त्यामुळेच उलटतात. ट्रॅकच्या आतल्या सस्पेन्शनच्या पुढच्या भागात लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे भोकं असलेला पट्टा, असतो. तो एक भोक आखूड केला की पुढचा भाग कमी उचलला जातो आणि स्की बर्फावर टेकून राहते. पण फार आखूड केला की भार पुढे जातो, ट्रॅकचा मागचा भाग हलका होतो आणि पकड जाते. म्हणून एकावेळी एकच भोक बदलायचं, चढून पाहायचं, मग पुढचं. मागचा शॉक (धक्काशोषक) मऊ ठेवला तर थ्रॉटल देताच मागचा भाग बसतो आणि तोंड आणखी वर जातं. हा बदल पुष्कळ जण सुटा सुटा करतात; माझ्या मते स्ट्रॅप आणि मागचा शॉक एकत्रच बघायला हवेत.

ट्रॅकचं ताणणं कंपनीच्या मापानुसार करावं. ढिला राहिला तर ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे दाते उड्या मारतात आणि कडकड आवाज येतो. घट्ट केला तर ताकद खातो.

शनिवार, पहाट

रात्री थंडी पडली आहे, म्हणजे सकाळी पृष्ठभाग कडक राहणार. कडक बर्फावर दोन अडचणी येतात. ट्रॅकवरचे उभे दाते, म्हणजे पॅडल, रुतत नाहीत, आणि बर्फाचा फवारा उडत नसल्यामुळे टनेलखालच्या (ट्रॅकवरच्या धातूच्या आवरणाखालच्या) कूलरना थंडावा मिळत नाही. रांगेत उभं असतानाच तापमान चढतं. फावड्याने टनेलखाली बर्फ टाकत राहायचं, आणि स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून वर उडवणारे काटे, असतील तर ते खाली सोडायचे.

याउलट थंड इंजिनाला पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो आणि अडकतो. म्हणून निदान ५० अंश सेल्सिअसपर्यंत गरम होऊ द्यायचं, मगच सुरुवातीच्या रेषेवर जायचं.

दुपारी बर्फ मऊ होईल, आणि आधीच्या धावांनी पाडलेले चर खोल होतील. तेच चर पुढच्याला बाहेर फेकतात. उशिरा क्रम आला तर चराच्या कडेने जाणारी रेषा आधी पायी पाहून ठेवावी. गेट (वाटेवरच्या खुणेच्या काठ्यांची जोडी) चुकलं की धाव गेली, हे ध्यानात ठेवूनच रेषा निवडायची.

वर वेग मरायला लागला की थ्रॉटल दाबून धरायचा मोह होतो. ट्रॅक तेवढ्यात खड्डा खणून आत बसतो. वेग अजून थोडा शिल्लक असतानाच बाजूला वळवावं. उलटायला लागलं तर यंत्र सोडावं. टेदर, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी, मनगटाला बांधलेला असला की इंजिन आपोआप बंद पडतं. यंत्राच्या खालच्या बाजूला पडायचं नाही.

कॅचर, म्हणजे डोंगरावर अडकलेलं यंत्र धरून खाली सोडणाऱ्या लोकांसाठी नियम एकच, आणि तो मोडू देऊ नये: यंत्राच्या खाली कुणीही उभं राहायचं नाही. दोर बाजूने जाऊन बांधायचा, वरच्या पक्क्या टेकूला अडकवायचा, मग हळूहळू सोडायचं. धावपट्टी मोकळी झाल्याची खूण वरून मिळेपर्यंत पुढचा स्वार सुटता कामा नये. जॅक्सनची जागतिक स्पर्धा १९७६ पासून स्नो डेव्हिल्स हा तिथला क्लबच भरवतो, आणि ती उभी राहते स्वयंसेवकांवर. आपल्या छोट्या शर्यतीतही चांगले चढणारे चार असतील. चांगले कॅचर सहा तरी हवेत. दोर, हुक आणि दोन रेडिओ पहिल्या धावेआधी वर पोचलेले असावेत, बॅटऱ्या आतल्या खिशात.