प्रीरिक्विझिट, इनवर्ड नंबर आणि एक ऑस्ट्रेलियन कविता

आधीच सांगते, कारण शेवटपर्यंत वाचायचा धीर सगळ्यांना नसतो. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात एखादा सुटा विषय घ्यायचा असेल, तर तो शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आधी ईमेल करा, फॉर्म मागाहून भरा. मी नेमकं उलटं केलं आणि सात आठवडे घालवले.

मेलबर्नला येऊन नऊ वर्षं झाली. लेक हायस्कूलला गेली तेव्हा ठरवलं, आता एक विषय रीतसर शिकायचा. इथल्या विद्यापीठांत पदवीला प्रवेश न घेताही सुटा विषय घेता येतो, त्याला नॉन-अवॉर्ड म्हणतात. फी पूर्ण, पदवी नाही, गुणपत्रक मात्र मिळतं. नवरा म्हणाला, "मग उपयोग काय?" त्याला उत्तर दिलं नाही. निवडला समकालीन ऑस्ट्रेलियन साहित्य, तिसऱ्या वर्षाचा. अर्ज एका संध्याकाळी भरून झाला.

गाडी अडली ती प्रीरिक्विझिटवर. आधी साहित्याचे दोन विषय झालेले हवेत. म्हटलं, माझं तर अख्खं बी.ए. इंग्रजीत झालंय, २००४ साली. मार्कशीट पाठवली. उत्तर आलं, मार्कशीट चालणार नाही. प्रत्येक पेपरचा सविस्तर अभ्यासक्रम, तास, नेमलेली पुस्तकं, आणि त्यावर विद्यापीठाचा शिक्का पाहिजे.

इथून पुढची लढाई भारतात भावाने लढली. पहिल्या फेरीनंतर त्याचा फोन: "ताई, खिडकीवरच्या मॅडम म्हणतायत, तेव्हाचा सिलॅबस आता बदललाय. नवा देऊ का?" दुसऱ्या फेरीत कळलं की जुना आहे, पण रेकॉर्ड रूममध्ये, आणि चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. तिसऱ्या फेरीत अर्ज, चलन, झेरॉक्स. मी त्याला बजावलं होतं, इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय जागचा हलू नकोस. तो त्याने आणला. पुढे महिनाभर आमच्याकडे फक्त तो नंबरच होता.

इकडे मेलबर्नच्या ऑफिसात माणूसच भेटेना. सगळं तिकिटावर, म्हणजे ऑनलाइन विनंतीच्या नंबरावर. मी लिहायचे, कागद भारतातून येतायत, थोडा वेळ द्या. दहा दिवसांनी आपोआप मेल यायचा की उत्तर न आल्यामुळे विनंती बंद करण्यात आली आहे. पुन्हा नवं तिकीट, नवा माणूस, पहिल्यापासून सगळी कहाणी. आपल्याकडच्या खिडकीवर निदान भांडता तरी येतं! तिसरं तिकीट बंद झालं त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून चक्क रडले. चाळिशीतली बाई, एका कादंबरीच्या तासासाठी.

मग फॉर्म पुन्हा वाचला. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत लिहिलेलं की विषय-समन्वयकांना ही अट शिथिल करता येते. त्यांचा ईमेल विषयाच्या पानावर पहिल्या दिवसापासून होताच. त्याच आठवड्यात आईला ट्रंकेत माझी कॉलेजची वही सापडली होती. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो मी त्या समन्वयक बाईंना तसेच पुढे ढकलले. त्यात ऑस्ट्रेलियन कवी ए. डी. होप यांची १९३९ सालची 'ऑस्ट्रेलिया' ही कविता होती. कॉमनवेल्थ साहित्याच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश वसाहतींतल्या लेखनाच्या पेपरात ऑस्ट्रेलियाच्या नावाने आम्हाला तेवढीच होती. या देशाला ती सर्वांत रिकामा म्हणते. त्यापुढे माझ्या अक्षरात: "रिकामा = टीका? पाच मार्कांना येतो."

बाईंचं उत्तर दुपारपर्यंत आलं. त्यांनी सही केली होती आणि खाली लिहिलं होतं, या सत्रात आपण याच 'रिकामा'शी भांडणार आहोत.

आणि तसंच झालं. पहिला तास टेरा नलियसवर, म्हणजे ही भूमी कुणाचीच नव्हती या कायदेशीर समजुतीवर. १९९२ च्या माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ती मोडीत काढली. मग अ‍ॅलेक्सिस राइट यांची 'कार्पेन्टेरिया' ही कादंबरी. पहिली पन्नास पानं काही कळत नाही. मोठ्याने वाचा, कुणीतरी ओट्यावर बसून सांगतंय असं समजून. मला त्याने जमलं. तारा जून विंच यांच्या 'द यील्ड' या कादंबरीत वारलेल्या आजोबांनी लिहून ठेवलेला विराजुरी या इथल्या आदिवासी भाषेचा शब्दकोश आहे. ती वाचताना मी आईला फोन करून आजीचे शब्द विचारायला लागले. राइट यांची 'प्रेझवर्दी' यादीत असेल तर सुट्टीतच सुरू करा, सातशेहून जास्त पानं आहेत.

हो, सेन्सस डेट राहिलीच. ती तारीख उलटायच्या आत विषय सोडला तर फी लागत नाही, नंतर सगळी जाते. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

निबंध मी पुरस्कारांवर लिहिला. माइल्स फ्रँकलिन या इथल्या मानाच्या साहित्य पुरस्काराच्या अंतिम यादीत २००९ आणि २०११ साली एकही बाई नव्हती. ज्यांच्या नावाचा पुरस्कार त्या स्वतः लेखिका, पहिलं नाव स्टेला. तेच नाव घेऊन २०१३ साली लेखिकांसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला. गुण ७४ मिळाले. ७५ असते तर बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरअखेर, निबंध देऊन दोन दिवस झाले आणि स्पीड पोस्टाने जाडजूड पाकीट आलं. बी.ए.चा अभ्यासक्रम, पानोपानी गोल जांभळा शिक्का. कॉमनवेल्थच्या पानावर तो बरोबर होपच्या कवितेवर बसलाय, पण उजेडात धरलं की खालचं वाचता येतं.