कोंबडी यादीच्या तळाला

थाई शिकायला घेतल्यापासून नवीन शब्द एका साध्या फाईलमध्ये लिहून ठेवते, एका ओळीत एक. परवा पायथनचा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि यादी वर्णक्रमाने लावून घेतली. बघते तर 'काय' थेट तळाला! थाईत 'काय' म्हणजे कोंबडी. शेजारी 'पाय' (जाणे) आणि 'माय' (नाही). मराठी माणसाला हसू येणारच, पण क, प आणि म एका खणात कसे?

त्यातही थाईतलं पहिलंच अक्षर 'को काय'. आपला 'क कमळाचा', तसा त्यांचा 'क कोंबडीचा'.

मग त्या शब्दातले युनिकोडचे कोड तपासले (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी आकडा देणारी यादी; हे आकडे सोळाच्या पद्धतीत, म्हणून मध्ये ए ते एफ अक्षरं). तीन निघाले: ०ई४४, ०ई०१, ०ई४८. म्हणजे आधी 'आय' हा स्वर, मग क, मग सुराची खूण. स्वर व्यंजनाच्या आधी! प्रोग्राम पहिल्या कोडवरून यादी लावतो, म्हणून क, प आणि म एका खणात. आपल्या 'कि'मध्ये वेलांटी डावीकडे दिसते, पण साठवलेली असते क नंतरच. आधी ०९१५, मग ०९३एफ. तिला डावीकडे सरकवायचं काम फाँटचं. थाईत तो उद्योगच नाही. डावीकडे लिहायचे पाच स्वर आहेत, ते जसे दिसतात तसेच टाईप होतात आणि तसेच साठवले जातात.

ही टाईपरायटरची रीत. पहिला थाई टाईपरायटर १८९२ सालचा, एडविन मॅकफार्लंड यांचा. त्यात जागा पुरेना म्हणून दोन अक्षरं गाळली असं सांगतात. 'खो खुअत' आणि 'खो खोन'. ती वापरातून गेलीच, पण युनिकोडमध्ये दोघींची घरं अजून राखून ठेवलेली आहेत. (आपल्याकडे लृ आहे तशी.)

संगणकासाठी थायलंडचं प्रमाण आलं १९८६ मध्ये: टीआयएस ६२०-२५२९. शेवटचा आकडा बौद्ध सनाचा. युनिकोडने तोच क्रम जसाच्या तसा उचलला. 'को काय' तिथे १६१ होतं, इथे ३५८५ (वरचा ०ई०१च, नेहमीच्या दशमान आकड्यात). कुठल्याही अक्षराच्या आकड्यात ३४२४ मिळवा, झालं. जुन्या फायली बदलायला इतकी सोपी बेरीज मिळाल्यावर स्वरांच्या जागा कोण हलवेल?

माझ्या बोटांना मात्र हे पचत नाही. थाईच्या नेहमीच्या केडमनी कीबोर्डवर कोंबडी लिहायची तर डब्ल्यू, डी, जे अशा कळा दाबायच्या. माझं बोट आधी डीवरच जातं, कारण मनात 'क' आधी उमटतो. मग स्वर भलत्याच बाजूला जाऊन बसतो आणि सगळं पुसून पुन्हा.

याहून वाईट फजिती मांजराची झाली. 'मॅओ'मधला 'ॲ' दिसतो अगदी दोन 'ए' शेजारी शेजारी ठेवल्यासारखा. मी 'ए'ची कळ, म्हणजे इंग्रजी 'जी', दोनदा दाबली होती; 'ॲ'ला स्वतंत्र कोड आहे, तो सी कळीवर. डोळ्यांना फरक शून्य. पण शोधायला गेले तर मांजर सापडेना. यादीत समोर दिसतंय आणि संगणक म्हणतोय नाही!

यादीचा घोळ दोन ओळींत मिटला. थाई शब्दकोश व्यंजन धरून लावतात, तेव्हा तुलना करण्यापुरती त्या पाच स्वरांची पुढच्या व्यंजनाशी अदलाबदल करायची. सुरांच्या खुणांचे नियम वेगळे, ते अजून केलेले नाहीत. कोंबडी आता 'क'च्या खणात आली आहे, तिथेही शेवटचीच, कारण 'आय' हा स्वर क्रमात सगळ्यांच्या मागे. तिच्या वर 'किन' आणि 'कॅओ', खाली 'खाव'. अर्थ घेऊन वाचलं तर: खाणे, पेला, कोंबडी, भात.