कोलोनचा फोटोस्टॉप लांबला त्याची गोष्ट

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये जर्मनीतलं कोलोन म्हणजे चाळीस मिनिटं. सकाळी हॉलंडमधून निघायचं, अकराच्या सुमारास कथीड्रलसमोर उतरायचं, फोटो काढायचे, वॉशरूमसाठी सुट्टे युरो शोधायचे आणि परत बसमध्ये. टूर मॅनेजर म्हणून ही लाइन मी बरीच वर्षं करतोय आणि खरं सांगायचं तर मला हे कधीच पटलेलं नाही, पण आयटिनररी ऑफिसात बनते आणि दुपारी ऱ्हाइनची क्रूझ गाठायची असते, त्यामुळे मीही छत्री वर धरून "चला चला" करत असतो.

त्या दिवशी कथीड्रलपाशी पोचता पोचताच डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. ड्रायव्हर पोलिश, तो काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून साताऱ्याचे काका पुढे आले. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर्ड. दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ब्रेकची हवा धरत नाहीये. ही आता हलत नाही." तसंच झालं. दुसरी बस संध्याकाळी सातला येणार असं कळलं, क्रूझ उद्यावर ढकलली. आता हातात एवढी मंडळी, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, आणि अख्खा दिवस मोकळा! काकांनी बसपासून हलायला साफ नकार दिला, मेकॅनिक येईपर्यंत थांबतो म्हणाले. बाकीच्यांना घेऊन मी डोममध्ये, म्हणजे त्याच कथीड्रलमध्ये.

"इतकं काळं कसं? धुवत नाहीत का?" हा प्रश्न दरवेळी येतो. कोळशाचा धूर, आम्लपाऊस, सगळं त्या दगडानं पिऊन टाकलंय, आणि दुरुस्ती तर कायम चालूच असते, कुठेतरी परांची बांधलेली दिसतेच. काम सुरू झालं 1248 मध्ये. सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि दक्षिणेचा मनोरा अर्धवटच राहिला, वर लाकडी क्रेन तशीच उभी, ती पुढे तीनशे वर्षं तिथेच होती, शहराच्या जुन्या चित्रांत पण दिसते. 1842 मध्ये परत काम धरलं आणि 1880 ला पूर्ण, उंची 157 मीटर. ठाण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या बिल्डरला हे कळू देऊ नका."

एरवी वेळ नसतो म्हणून आत फक्त एक चक्कर होते. त्या दिवशी निवांत बसलो. दक्षिणेच्या बाजूला चित्रकार गेरहार्ड रिश्टरची 2007 ची रंगीत काचांची खिडकी आहे, देव नाही, संत नाही, नुसते 72 रंगांचे अकरा हजारांवर चौकोन. दुपारचं ऊन त्यातून आलं आणि डोंबिवलीच्या काकूंच्या पांढऱ्या स्पोर्ट्स शूजवर, वर नऊवारीच्या काठावर, गुलाबी-हिरवे ठिपके पडले. त्या पाय हलवून हलवून बघत होत्या, बराच वेळ. ग्रुपमधली तरणी पोरं 533 पायऱ्या चढून वर जाऊन आली, आल्यावर कोणी काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हतं.

मग फारिना. 1709 पासूनचं सुगंधाचं घराणं, दुकान आणि म्युझियम आहे. तापात कपाळावर युडीकोलनच्या घड्या ठेवल्या जायच्या, ते या गावचं, हे कळल्यावर सगळ्या बायका एकदम माहेरी आल्यासारख्या खूश.

दुपारी तीनला जुन्या ब्रॉयहाउसमध्ये, म्हणजे ब्रुअरीच्या बीअरगुत्त्यात. लांब घासलेली टेबलं, निळ्या एप्रनमधले वेटर, त्यांना क्योबेस म्हणतात आणि फटकळपणा हा त्यांच्या नोकरीचाच भाग. बीअर एकच, क्योल्श. 200 मिलीच्या उभ्या बारीक ग्लासात, कारण मोठ्या ग्लासात ती तळाशी जाईपर्यंत कोमट आणि बेचव होते. कुठली बीअर स्वतःला क्योल्श म्हणवू शकते याचा 1986 मध्ये ब्रुअरीजनी करारच केलाय. आमच्यातल्या एका आयटीवाल्यानं मोठा ग्लास मागितला, क्योबेसनं ऐकलंच नाही असं केलं. शुद्ध शाकाहारी लोकांना राय नावाच्या धान्याचा पाव, गौडा चीज, कांदा आणि मोहरी, बाकीच्यांना बटाटा किसून तळलेले रायबेकूखेन, त्यात अंडं असतं हे आधीच सांगितलं.

एक नियम मी सगळ्यांना समजावला. ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो, नको असेल तर खालचा पुठ्ठ्याचा बिल्ला ग्लासवर ठेवायचा. त्याच बिल्ल्यावर क्योबेस पेन्सिलीनं रेघ मारतो, तेच बिल. हे सांगताना काका अजून बसपाशीच, मी नंतर जाऊन त्यांना घेऊन आलो, हात काळेकुट्ट.

त्यांच्या बायकोनं साधं पाणी मागितलं. क्योबेसनं ठरलेला जोक मारला, "साबण-टॉवेल पण आणू?" मी भाषांतर केलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "आणा की, यांचे हात धुवायचेत." तो हात बघून इतका हसला की पाणी खरंच आलं.

इकडे काकांनी पहिला ग्लास संपवला आणि बिल्ला आवडला म्हणून नातवासाठी खिशात टाकला. दुसरा ग्लास, नवीन बिल्ला. तोही खिशात. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रायबेकूखेनच्या हिशेबात अडकलेलो. "हा माणूस फार आग्रह करतो हो," काका मला ओरडून म्हणाले तेव्हा लक्षात आलं. झाकायला बिल्लाच नाही, तर ग्लास थांबणार कसा! नियम सांगितला तर म्हणाले, "म्हणजे पंगतीत पानावर हात आडवा धरतात तसंच की, आधी सांगायचं ना."

बिलाच्या वेळी क्योबेस बिल्ले शोधत टेबलाखाली वाकला. काकांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून एकेक काढून पत्त्यांसारखे मांडले. रेघा मोजल्या, सात. काकू म्हणाल्या, "मी पण सातच मोजलेत." पैसे घेतल्यावर त्यानं कोऱ्या बिल्ल्यांची अख्खी चळत काकांपुढे ठेवली.

बस साडेसातला आली. दुसऱ्या दिवशी क्रूझवर काका सबंध वेळ झोपले, आणि फीडबॅक फॉर्मवर एका कुटुंबानं कोलोनमध्ये दिवस वाया गेल्याची तक्रार लिहिली. परत आल्यावर मी ऑफिसात म्हटलं की कोलोनला निदान अर्धा दिवस द्या. कॉस्टिंगवाल्यानं एवढंच विचारलं, मग क्रूझ काढू का? क्रूझ काढली तर टूर विकली जात नाही, ते पण खरंच आहे.