दुसरा हात खिशात

गेल्या आठवड्यात दुकानात एक अमेरिकन व्हॉल्व्ह रेडिओ, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, आला. आणणारा मुलगा पंचविशीतला. त्याचे आजोबा १९५०च्या दशकात तिकडे शिकायला होते, परतताना त्यांनी तो आणलेला. सोबत बाजारातला २३०चे ११० करणारा कन्व्हर्टर. "काका, फक्त चालू करून द्या."

पाठ उघडली, तर आतल्या बाजूला व्यंगचित्राचं कात्रण डकवलेलं. तिकडच्या इलेक्ट्रॉनिक्स मासिकांत लेखांच्या मधल्या जागेत छापत, तसलं. टीव्हीच्या पोटात एक हात घातलेला मेकॅनिक, दुसरा हात पँटच्या खिशात. शेजारी घरमालकीण कावलेली : तासावर पैसे मोजतेय, दोन्ही हात चालवा की!

मी मोठ्यांदा हसलो. त्या मुलाला काही कळेना. माझ्या हाताखालच्या पोरालाही कळलं नाही, याचं मात्र वाईट वाटलं. आयटीआयमध्ये काय शिकवतात कोण जाणे. चालू सेटमध्ये हात घालताना दुसरा खिशात ठेवायचा. एक हात चासीला, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याला, आणि दुसरा नळाला किंवा अर्थ झालेल्या पत्र्याला लागला, तर करंट छातीतून जातो.

या सेटला तर हे फारच लागू. पाच व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर नाहीच. १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५, ३५डब्ल्यू४ : सगळ्यांची हीटर्स, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा, सीरीजमध्ये, बेरीज १२० व्होल्टच्या आसपास, म्हणजे तिकडचा मेन, घरातला वीजपुरवठा, सरळ आत. चासी मेनच्याच एका तारेला जोडलेली. आणि तो स्वस्त कन्व्हर्टर निघाला ऑटोट्रान्सफॉर्मर. त्यात एक तार दोन्हीकडे सामाईक असते. प्लग उलटा लावला की तिच्यावर फेज येते. व्हॉल्व्ह काढून ठेवून मीटर लावला : चासी ते अर्थ, २२८ व्होल्ट. अमेरिकेत होता त्याच्या दुप्पट धोका, आणि डब्यावर लिहिलंय 'सेफ'. असला माल विकणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

तिकडच्या त्या मासिकांपैकी 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' ऑक्टोबर १९५४ला निघालं, त्याआधीपासून प्रकाशक-संपादक ह्यूगो गर्न्सबॅकचं 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' होतं. गर्न्सबॅक तर एप्रिलच्या अंकात मोहम्मद युलिसिस फिप्स या नावानं शास्त्रीय थाटाच्या थापा छापायचे. त्या थापा पकडायलाही सर्किट कळावं लागे. वाचक दुरुस्तीच्या बेंचवर बसलेला आहे, हे धरून केलेली थट्टा होती ती. आता यूट्यूबवर पोरं दोन्ही हातांनी उघड्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे मेनवर चालणाऱ्या स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये, खेळतात आणि खाली लोक टाळ्या वाजवतात.

मुलाला पाठीची फळी नवी हवी होती, फोटोत कात्रण घाण दिसतं म्हणून. मी नाही म्हटलं. आजोबांनी ते बाहेर न लावता आत का लावलं असेल? मला वाटतं, पाठ उघडणाऱ्याच्याच नजरेला पडावं म्हणून. पण नुसती हौसही असेल. सांगणारे आता नाहीत.

फळीचं त्यानं मानलं. सेटची मेनशी थेट जोड तोडणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या खर्चावर अजून कुरकुरतोय. तो बसवल्याशिवाय सेट हातात देणार नाही, असं त्याला स्पष्ट सांगितलंय.